देखाव्यातल्या बाहुलीची तार: बाइंडिंग की ॲल्युमिनियम?

भादवा जवळ आला की मराठवाड्यात महालक्ष्म्यांपुढच्या देखाव्याची तयारी सुरू होते. वारकरी, बैलजोडी, जात्यावर बसलेली बाई करायची, तर आतल्या सांगाड्याला तार कोणती, हा प्रश्न पुन्हा निघतो. जुने कारागीर बाइंडिंग तारेचंच, म्हणजे सळया बांधायच्या काळ्या लोखंडी तारेचंच नाव घेतात. ॲल्युमिनियम टिकत नाही, हे त्यांचं ठाम मत. त्या मताला इतिहास आहे.

फार मागे जाण्यात हाती काही लागत नाही. मराठवाड्यातल्याच तेर गावी सापडलेल्या सातवाहनकालीन बाहुल्या दुहेरी साच्यातल्या, आतून पोकळ. भाजायच्या मूर्तीत तार चालतच नाही, कारण वाळताना माती आकसते, तार आकसत नाही आणि मूर्ती तडकते. बिदरीकामात, म्हणजे काळ्या धातूवरच्या नक्षीत, चांदीची तार असते, पण ती वरून ठोकून बसवलेली, भार पेलणारी नव्हे. तारेचा सांगाडा कामाला येतो तो न भाजलेल्या वस्तूंत: कापड, कागदाचा लगदा, शाडू, प्लॅस्टर.

बाइंडिंग तार आली ती सळई-सिमेंटच्या बांधकामाबरोबर. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडे दगडमातीच्या घरांच्या जागी सळईची घरं उभी राहिली आणि सळया बांधायची ही काळी तार खेड्यापाड्यांत ओळखीची झाली. ती मऊ असते, कारण ओढून बारीक केल्यावर कारखान्यात ती भट्टीत तापवून सावकाश थंड केलेली असते. तिचा सगळा गुण या तापवण्यात आहे.

ॲल्युमिनियमची पहिली ओळख मात्र विजेच्या लाइनीतून झाली. खांबांवरच्या तारेत मधे पोलादाचा एक पदर आणि भोवती ॲल्युमिनियमचे सहा पदर, ही रचना सर्रास दिसते. दोन खांबांमधला ताण सोसायचा म्हणून ते पदर थंडच ओढून कडक ठेवलेले असतात. भंगारातला असा तुकडा घेऊन बाहुलीचा गुडघा वाकवला, सरळ केला, परत वाकवला की तो तुटणारच. बदनामी इथून सुरू झाली, आणि ती चुकीच्या जागी चिकटली. तो दोष धातूचा नव्हता, कडकपणाचा होता. हस्तकलेसाठी आता मिळते ती ॲल्युमिनियमची तार तापवून मऊ केलेली असते. दोन्हींना एकाच मापात तोलणं हा सरळ अन्याय आहे.

फरक हातात कळतो. वीतभर तार अंगठ्यावर काटकोनात वाकवून सरळ करावी, पुन्हा तिथेच वाकवावी. मऊ तार तेवढ्या जागी घट्ट होते आणि पुढचा बाक शेजारी सरकतो. कडक तारेचा बाक जागचा हलत नाही. तिथेच बारीक भेग दिसते आणि तार तुटते. पकडीच्या दातांचा ओरखडा पडलेल्या जागी तर मऊ तारही लवकर जाते. म्हणून घोटा आणि मान हातानेच वळवावी.

तांब्याचंही तसंच. मोटारीचं वाइंडिंग जळालं की आच लागून तांबं मऊ पडतं, त्यामुळे वाइंडिंगवाल्याकडची जळकी तार बाहुलीच्या बोटांना छान चालते. महाग पडते म्हणून सबंध सांगाड्याला कोणी वापरत नाही.

ॲल्युमिनियमच्या विरोधकांची एक तक्रार खरी आहे. मऊ ॲल्युमिनियम त्याच जाडीत लोखंडाइतका भार पेलत नाही. १८ नंबरच्या, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या बाइंडिंग तारेऐवजी ॲल्युमिनियमची दोन-सव्वादोन मिलिमीटरची घ्यावी लागते. त्यात नंबरांचा घोळ. नंबर वाढला की तार बारीक, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं; पण आपल्या दुकानातला नंबर ब्रिटिश मापाचा आणि परदेशी व्हिडिओतला बहुधा अमेरिकन. १२ नंबर आपल्याकडे २.६४ मिलिमीटर, तिकडे २.०५. भार पेलण्याच्या ताकदीत हा फरक दुपटीहून जास्त पडतो. दुकानात मिलिमीटरच सांगावेत.

शाडूच्या कामाने हा वाद नव्याने पेटवला. २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मज्जाव केला आणि शाडूकडे ओढा वाढला. ओल्या शाडूत काळी तार गंजते, तांबूस डाग वर उमटतात. जस्ताचा मुलामा असलेली जी.आय. तार तग धरते, पण वारंवार वाकवल्यावर मुलामा भेगाळतो. मऊ करायला ती कधीही तापवू नये, जस्ताचा धूर बाधतो. ठेवायच्या शाडूकामाला माझ्या मते ॲल्युमिनियमच योग्य, कापडी बाहुलीला बाइंडिंग तार. विसर्जनाच्या मूर्तीत मात्र कोणतीच तार नको. माती विरघळली तरी तार पाण्यात तशीच राहते. तिथे काथ्या आणि बांबूच्या कामट्या वापराव्यात.