रात्री कुत्रं रडलं म्हणजे गल्लीत मयत होणार?

'कुत्र्याला यम दिसतो, म्हणून ते रडतं. जवळपास कुणीतरी जाणार.' सोलापुरात हे आजीच्या तोंडून ऐकलं, आता मोबाईलवरही फिरतं.

ज्याला आपण रडणं म्हणतो, ती कुत्र्याची लांबवरची हाक. लांडग्यांशी असलेल्या नात्यातून आलेली. लांबवलेला सूर दूर पोचतो, म्हणून एकटं पडलेलं कुत्रं तो काढतं आणि पलीकडच्या गल्लीतलं ओ देतं. अँब्युलन्सच्या सायरनलाही देतं. भुंकणं निराळं: अनोळखी माणसावर खर्जात, भराभर; एकटं बांधून ठेवलं की उंच सुरात, थांबत थांबत. दुखलं की केकाटणं.

मग योग जुळतो कसा? घरात कुणी अत्यवस्थ असलं की माणसं रात्रभर जागी असतात, त्यांना आवाज ऐकू येतो आणि लक्षात राहतो. एरवी आपण कूलर लावून गाढ झोपलेलो!

पडताळायचंय? दोन-तीन महिने कॅलेंडरवर रडण्याच्या रात्रींवर खूण करा, मयतींवर वेगळ्या शाईने. न जुळलेल्या खुणाही मोजा. आणि एकच कुत्रं रोज रडत असेल तर बॅटरी घेऊन बघून या. जखम असेल, नाहीतर पिल्लू गटारीत अडकलं असेल.