आधी श्वास : बुडालेल्याच्या प्रथमोपचाराची पार्श्वभूमी

भंडारा-गोंदियाकडे मामा तलावातून (जुन्या मालगुजारांच्या तलावातून) कुणाला बुडताना बाहेर काढले की काठावरचे हात पहिल्यांदा त्याच्या पोटाकडे जातात. मोठा माणूस असेल तर पालथा घालून पाठ दाबायची, पोर असेल तर पाय धरून उलटे करायचे, गरगर फिरवायचे. 'पाणी निघालं का?' एवढा एकच प्रश्न. अलीकडे मोबाइलवरून मिठाचीही भर पडली आहे: बुडालेल्याला मिठाच्या ढिगात पुरून ठेवले की तो उठतो म्हणे. मिठाने काही होत नाही. हाताशी असलेली चार-पाच मिनिटे मात्र पोते आणण्यात जातात.

याला खेड्यातले अडाणीपण म्हणून हसण्याचे कारण नाही. 1767 मध्ये कालव्यांच्या ॲमस्टरडॅम शहरात बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था निघाली. डोके खाली करून पोट दाबणे, अंग शेकणे, चोळणे, रक्त काढणे, इतकेच नव्हे तर गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडणे, असे सगळे तिच्या सूचनांत होते. त्याच यादीत तोंडाने हवा फुंकणेही होते. 1774 मध्ये लंडनला तशीच संस्था झाली. पुढे निकोटीन विषारी असल्याचे कळल्यावर धूर मागे पडला. पण तोंडाने श्वास देणेही बाजूला पडले आणि पुढची शंभर वर्षे हातांच्या पद्धतींची गेली. 1858 मध्ये सिल्व्हेस्टरची पद्धत आली, 1903 मध्ये शेफरची, 1932 मध्ये होल्गर नील्सनची. शेफरच्या पद्धतीत रुग्णाला पालथा घालून खालच्या बरगड्यांवर दाब देत. जुन्या प्रथमोपचार पुस्तिकांतल्या चित्रांत हाच पालथा माणूस दिसतो. आज काठावर जे चालते ते काही अंशी त्या पुस्तिकांचेच उरलेले शिक्षण आहे.

1950 च्या दशकात एलम आणि साफर या डॉक्टरांनी ते चित्र मोडले. औषधाने स्नायू सैल केलेल्या स्वयंसेवकांवर त्यांनी दाखवले की पालथ्या माणसाची जीभ आणि मान घसा बंद करतात, त्यामुळे पाठ कितीही दाबली तरी पुरेशी हवा आत जात नाही. डोके मागे झुकवून, हनुवटी उचलून तोंडाने फुंकली तर जाते. 1960 मध्ये कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छातीवर बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येते हे मांडले. या दोन्हींच्या जोडीला आपण आज सीपीआर म्हणतो.

पण सीपीआर गावात पोहोचला तो हृदयविकाराच्या झटक्यासाठीचा. 2010 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी आधी छातीवर दाब, मग श्वास असा क्रम केला, आणि 'तोंड लावायची गरज नाही, नुसते दाबा' हा प्रचार सोपा म्हणून पसरला. झटक्याने कोसळलेल्याच्या रक्तात प्राणवायू शिल्लक असतो, म्हणून तिथे ते चालते. बुडालेल्याचा प्राणवायूच संपलेला असतो आणि हृदय त्यामुळेच थांबते. तेच वापरलेले रक्त दाबून फिरवण्यात फारसा अर्थ नाही. बुडालेल्यासाठी श्वास आधी, हा अपवाद सूचनांत कायम आहे. शाळा-ग्रामपंचायतींतल्या तासाभराच्या प्रात्यक्षिकात नेमका तोच गळतो.

पोटातल्या पाण्याचेही तसेच. बहुतेक बुडालेल्यांच्या फुप्फुसात किलोमागे 4 मिलिलिटरहून कमी पाणी जाते, म्हणजे 50 किलोच्या माणसात 200 मिलिलिटर, जेमतेम पेलाभर. काठावर दाबून जे भळाभळा निघते ते पोटातले, आणि त्याच्याबरोबर वर आलेला डाळभात श्वासनळीत उतरतो. 1974 मध्ये पोट दाबण्याची युक्ती सुचवणाऱ्या हाइमलिखने ती बुडालेल्यांसाठीही पुढे रेटली होती. सूचनांनी ती नाकारली. घशात काही अडकले तर ती उपयोगी, इथे घातक.

काठावर करायचे ते असे. उताणे, सपाट जागेवर झोपवा; बांधाच्या उतारावर डोके वर ठेवू नका. डोके मागे, हनुवटी वर, 10 सेकंदांत श्वास पाहा. मासा आचके देतो तसे तोंड उघडमिट होत असेल तर त्याला श्वास समजू नका. श्वास नसेल तर नाक चिमटीत धरून सेकंदभराचा एक, असे 5 श्वास द्या (अमेरिकन पद्धतीत 2). प्रत्येक वेळी छाती उचलली पाहिजे. नाही उचलली तर बहुधा मान पुरेशी मागे गेलेली नसते. मग छातीच्या मधोमध 30 दाब, मिनिटाला 100 ते 120 या वेगाने, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, आणि पुन्हा 2 श्वास. तोंडाला फेस येतो, तो पुसत बसू नका, त्यातूनच फुंका. उलटी झाली तर कुशीवर वळवून तोंड साफ करा आणि पुन्हा सुरू. मानेला धक्का न लावण्याची काळजी डोक्यावर उडी मारलेल्यासाठी. बाकीच्यांत तिच्यापायी श्वास लांबवू नये.

नागपूरशी या शिक्षणाचे नाते जुने आहे. 1957 मध्ये इथे आपत्कालीन मदतीचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था सुरू झाली. 1962 च्या युद्धानंतर तिचा रोख नागरी संरक्षणाकडे वळला आणि 1968 मध्ये ती राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली. अग्निशमन महाविद्यालयही नागपुरातच. तरी 30 जुलै 1991 च्या रात्री वर्धा नदीचे पाणी नरखेड तालुक्यातल्या मोवाडमध्ये शिरले आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2006 पासूनचे एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल), 2016 पासून पूरप्रवण जिल्ह्यांत आलेली 12 दिवसांच्या प्रशिक्षणाची आपदा मित्र योजना, हे सगळे त्यानंतरचे. जानेवारी 2024 मध्ये चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ वैनगंगेत मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव उलटली, तेव्हाही नागपूर तासांच्या अंतरावर होते आणि मेंदूजवळ मिनिटे.

म्हणून पहिला बचाव काठावरच्या ढिवराचा, म्हणजे मासेमाराचा. त्याला डोहाचा तळ आणि रेतीघाटावरचे खड्डे ठाऊक असतात. डोंगा, म्हणजे लहान नाव, त्याच्याकडेच असतो. पोहता येणाऱ्यानेही उडी शेवटी मारायची. आधी बांबू पुढे करा, मग बैलाचा कासरा फेका, टोकाला बूच घट्ट लावलेला 15-20 लिटरचा रिकामा कॅन बांधून. बुडणारा मिठी मारतो, आणि एकाच्या जागी दोघे जातात. विदर्भाच्या पश्चिमेकडे धोका शेततळ्याचा. पाणी फार नसते, पण प्लास्टिकच्या कागदावर शेवाळ चढले की उतारावर हातपाय टिकत नाहीत. चारही बाजूंना खुंटीला बांधलेला, हातभर अंतराने गाठी मारलेला दोर पाण्यात सोडून ठेवला तर चढता येते.

सिलिंडर लावलेले पाणबुडे येतात ते बहुतेक उशिरा, शोधासाठी. त्यांच्या प्रशिक्षणाचे मूळ वेगळे: खोलीवरून टप्प्याटप्प्याने वर कसे यावे हे सांगणारे 1908 मधले हाल्डेनचे तक्ते, 1943 मधले कूस्तो आणि गान्यॉ यांचे पाण्याखाली श्वास घेण्याचे उपकरण. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो. दाबाखालची हवा घेतलेला माणूस श्वास रोखून वर आला तर अगदी थोड्या खोलीवरूनही फुप्फुस फाटू शकते. घाबरलेल्या सोबत्याला घेऊन झपाट्याने वर येताना हीच चूक होते. वर येण्याचा वेग मिनिटाला 9 मीटर. पूर्वी त्याच्या दुप्पट चालत असे. गाळाने काळ्या झालेल्या पाण्यात खोलीचा काटा दिसत नाही, तिथे वरच्याने धरलेला, मीटरगणिक खुणा केलेला दोर हाच आधार. पाणबुडा वर आल्यावर सांधे दुखणे, मुंग्या, चक्कर, बोलण्यात अडखळणे यांपैकी काहीही दिसले तर त्याला आडवे ठेवून मिनिटाला 15 लिटर या दराने शुद्ध प्राणवायू. 1,500 लिटरचे सिलिंडर या दराने 100 मिनिटांत संपते. गडचिरोलीच्या आतल्या भागातून नागपूर गाठायला त्याच्या दुपटीहून अधिक वेळ लागतो, तेव्हा गाडीत चढवतानाच तीन सिलिंडर मोजून घ्यावीत. उठून बसलेल्या, 'मी ठीक आहे' म्हणणाऱ्या बुडालेल्यालाही दवाखान्यात न्यावेच: फुप्फुसाची सूज काही तासांनी चढते, म्हणून सहा ते आठ तास त्याच्यावर नजर लागते.