ओटीपोटातल्या धमनीचा फुगवटा: मोठी शस्त्रक्रिया झेपणार नसेल तर उपचार कोणता, अर्ज कसा

प्रोस्टेट किंवा मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली आणि अहवालात 'इलियाक धमनीला ॲन्युरिझम' (ओटीपोटातून पायाकडे रक्त नेणाऱ्या धमनीला फुगवटा) असा शेरा आला, असं कधीकधी होतं. त्रास काहीच नसतो, म्हणून घरचे अहवाल कपाटात ठेवून देतात. कृपा करून तसं करू नका. कागद जमवायची सवड आत्ताच आहे. फुगवटा फुटला तर जिवावरच बेततं.

फुगवटा साडेतीन सेंटिमीटरच्या आत असेल तर सहसा ठरावीक काळाने तपासणी, रक्तदाब आटोक्यात आणि बिडी-तंबाखू बंद. त्यापुढे गेला, भराभर वाढला किंवा दुखू लागला, तर दुरुस्ती. हृदय अशक्त, दम्याचा जुना त्रास, किडनी कमजोर, अशा वयस्कर माणसाचं पोट उघडणं धोक्याचं. त्यांच्यासाठी जांघेतून नळी घालून आत स्टेंटग्राफ्ट (कापडाचं अस्तर असलेली जाळीची नळी) बसवतात, गरज पडल्यास धमनीची आतली फांदी कॉइलने (बारीक तारेच्या वेटोळ्याने) बंद करतात. त्यानंतर काहींचा कुल्ला चालताना दुखतो, हे आधीच विचारून घ्या. धमनी चित्रात उठून दिसावी म्हणून देतात ते कॉन्ट्रास्टचं औषध किडनीला जड जातं, तेव्हा क्रिएटिनिनचा (किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा अहवाल जवळ हवाच. आणि स्टेंटनंतरही दरवर्षीची तपासणी सुटत नाही.

आता पैशांचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार लागतं. दोन्हींवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का पाहा. एकावर 'सुकलाल', दुसऱ्यावर 'सुखलाल' असेल तर रेशनकार्डावरचं नाव तहसीलच्या पुरवठा शाखेत आधीच दुरुस्त करून घ्या.

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. तिथे ही सोय नसेल तर संदर्भपत्र घेऊन नाशिक-मुंबईला जावं लागतं. सीटी अँजिओग्राफीची (धमन्यांच्या सीटी स्कॅनची) फिल्मच नव्हे, सीडीही मागून घ्या. स्टेंटचं माप तिच्यावरून काढतात. सर्वांत मोलाचा कागद म्हणजे उघडी शस्त्रक्रिया का नको, हे डॉक्टरांनी लेखी दिलेलं मत. ते टूडी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालासोबत जोडा.

योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णांना मदत करणारा योजनेचा माणूस, भेटतो. पूर्वमंजुरीचा प्रस्ताव रुग्णालयच पाठवतं. हा उपचार पॅकेजमध्ये बसतो का आणि स्टेंटग्राफ्टची किती रक्कम धरली आहे, हे भरती होण्याआधी आरोग्यमित्राला विचारा. अडलं तर 155388 वर फोन करा.

रक्कम कमी पडली तर मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करता येतो. त्याला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. खासगी रुग्णालयाच्या अंदाजपत्रकावर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही घ्या. हा अर्ज उपचाराआधी करा, बिल भरून झाल्यावर परतावा मिळत नाही.