वर्ड प्रोसेसरमधील आकृत्या (बेळगाव सीमाभाग)

वर्ड प्रोसेसरमधील आकृत्या : मजकूर टाइप करण्याच्या संगणकप्रणालीतच चौकोन, बाण, वंशावळी, ओघतक्ते (फ्लोचार्ट) काढून ते त्याच दस्तऐवजात बसवण्याची पद्धत. चित्रे काढायच्या स्वतंत्र प्रणाली असताना हा खटाटोप होतो, कारण कागद शेवटी अर्जाचा, अहवालाचा नाहीतर शाळेच्या प्रोजेक्टचा असतो; आकृतीही तिथेच काढली की एकच फाइल सांभाळावी लागते. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतल्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानांत हे रोजचे काम आहे. इथली जादा अडचण एवढीच, की एका चौकटीत मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्या मावाव्या लागतात.

आकृत्यांची ही भाषा संगणकापेक्षा बरीच जुनी. विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये स्तंभालेख छापले. कामाचे टप्पे चिन्हांनी दाखवणारा तक्ता फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ मध्ये मांडला. मायक्रोसॉफ्ट वर्ड १९८३ चे. यादीवरून आपोआप आकृती करून देणारी स्मार्टआर्टची सोय त्यात २००७ च्या आवृत्तीपासून आली. लिब्रेऑफिस २०१० पासून मोफत मिळते आणि त्याच्या लेखन-विभागातही आकार काढता येतात. टाइपरायटरच्या काळात तक्त्याच्या आडव्या रेघा यंत्रावर ओढून उभ्या रेघा नंतर पट्टी-पेनाने मारल्या जात.

आकृती सरकते, उडते अशा सगळ्या तक्रारींचे मूळ एका गोष्टीत असते. वर्डच्या लेखी आकृती दोन प्रकारची : ओळीतली आणि तरंगती. ओळीतली आकृती म्हणजे एक मोठे अक्षरच. वर चार ओळी वाढल्या की ती निमूट खाली सरकते. तरंगती आकृती मजकुराच्या पुढे किंवा मागे कुठेही ठेवता येते, पण आतून ती एका परिच्छेदाला बांधलेली असते. आकृती निवडली की समासाजवळ जहाजाच्या नांगराचे चिन्ह दिसते, ते त्या दोरीचे टोक. तो परिच्छेद खोडला की आकृतीही जाते, आणि ‘चित्र आपोआप उडालं’ अशी ओरड होते. ए-फोरवर जुळवलेली फाइल छपाईच्या वेळी लीगल कागदावर नेली, तर मजकूर नव्याने मांडला जातो आणि सुटे चौकोन एकीकडे, बाण दुसरीकडे पडतात. म्हणून पाच-सहा आकार असतील तर आधी रेखाटन-फलक (कॅनव्हास) घालून त्यात काढावेत. वर्डमध्ये चौकोनाला चिकटून राहणारे जोडबाण फलकाच्या आतच नीट चालतात. चौकोन हलवला की बाण मागोमाग येतो. शिफ्ट दाबून ओढलेली रेघ सरळ राहते. फलक नको असेल तर निदान सगळे आकार एकत्र निवडून त्यांचा ग्रुप करावा.

या भागात सर्वाधिक कस लागतो तो वंशावळीत. वारसाने शेतजमीन नावावर करून घ्यायची, तर आरटीसीच्या (कर्नाटकातला सातबारा) उताऱ्याबरोबर घराण्याचा ‘वंशवृक्ष’ लागतो. कचेरीत हाच कन्नड शब्द चालतो, घरात मात्र वंशावळ म्हणतात. नाडकचेरीला (महसूल खात्याची स्थानिक कचेरी) द्यायच्या अर्जाला किंवा प्रतिज्ञापत्राला जोडायची ही आकृती बहुतेक वेळा वर्डमध्येच होते. स्मार्टआर्टमधला संस्थारचनेचा तक्ता त्यासाठी सोयीचा. शेजारच्या पट्टीत नावे यादीसारखी लिहायची, टॅब दाबला की नाव एक पिढी खाली, शिफ्ट-टॅबने एक पिढी वर. चौकोन आणि रेघा प्रणालीच काढते.

पण हा साचा मुळात कंपनीतल्या साहेब आणि हाताखालच्या माणसांसाठी आहे, घराण्यासाठी नव्हे. त्यात प्रत्येक चौकोनाला वर एकच मालक. आजोबांची दोन लग्ने झाली असतील आणि दोन्हींकडून वारस असतील, तर कोणते मूल कोणत्या आजीचे हे दाखवायला जागाच उरत नाही. काहीजण पत्नीला ‘सहायक’ म्हणून बाजूच्या चौकोनात टाकतात. कागदावर ते दिसते ठीक, पण तो चौकोन मुळात साहेबाच्या मदतनिसाचा. त्यापेक्षा आजोबांच्या खाली दोन आज्यांची स्वतंत्र पायरी करून प्रत्येकीची मुले तिच्या खाली उतरवणे हा मार्ग बरा. वाचणाऱ्या कारकुनालाही ते लगेच कळते. हयात नसलेल्यांच्या नावापुढे ‘मयत’ लिहितात. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांच्या बरोबरीचा झाला. त्यामुळे लग्न होऊन कोल्हापूर-गडहिंग्लजकडे गेलेल्या मुलींचे चौकोनही भावांच्याच रांगेत हवेत. गावोगावच्या जुन्या वंशावळींत त्या रांगा निम्म्याच आहेत.

दुसरी अडचण आकाराची. चौकोन वाढले की स्मार्टआर्ट सगळ्यांतली अक्षरे एकदम बारीक करते. चार पिढ्या आणि पंचवीस-तीस नावे झाली की झेरॉक्सवर वेलांटी आणि अनुस्वार ओळखू येत नाहीत, आणि वारसाच्या कागदात पाटील-पाटिल एवढा फरकही पुढे कटकट होतो. उपाय दोन : कागद आडवा करणे आणि भावंडे शेजारी-शेजारी न मांडता एकाखाली एक लटकवणे. ही लटकती मांडणी त्या तक्त्यातच मिळते. ती फार थोडे लोक वापरतात.

आता लिपीचे. देवनागरीला जागा लागते ती वर : वेलांटी, मात्रा, रफार. कन्नडला वरच्याबरोबर खालीही बरीच लागते, कारण जोडाक्षरातले दुसरे अक्षर, म्हणजे ओत्तक्षर, मूळ अक्षराच्या पायाशी बसते. वर्डची मजकूर-चौकट मूळ मापात वर-खाली ०.०५ इंच आणि डावी-उजवीकडे ०.१ इंच समास सोडते. इंग्रजीला ते पुरते. मराठी नावाखाली तेच नाव कन्नडमध्ये लिहिले आणि ओळींमधले अंतर ‘नेमके’ म्हणून बांधून टाकले, की मराठीची वेलांटी आणि कन्नडचे ओत्तक्षर दोन्ही कापले जातात. अंतर ‘किमान’ ठेवावे आणि चौकटीला मजकुराप्रमाणे वाढू द्यावे. देवनागरीत अक्षरांमधले अंतर ताणू नये, शिरोरेखा तुटते. शोभेच्या मथळ्यांत हा दोष हमखास दिसतो.

फॉन्टचा घोळ याहून जुना. श्रीलिपी, नुडी अशा प्रणालींच्या जुन्या फॉन्टांत अक्षर मराठी-कन्नड दिसे, पण आत साठवलेला संकेत इंग्रजी अक्षराचा असे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर आकृतीतल्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला उघडतो. युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा संकेत देणारी पद्धत) देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिप्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहेत. विंडोजवर मराठीसाठी मंगल हा युनिकोड फॉन्ट २००० च्या आवृत्तीपासून, तर कन्नडसाठी तुंगा त्यानंतरच्या एक्सपीपासून आला. विंडोज ८ पासून मिळणाऱ्या निर्मला या एकाच फॉन्टात दोन्ही लिप्या आहेत, त्यामुळे एका चौकटीतल्या दोन नावांची उंची बेताने जुळते. तरी वर्ड भारतीय लिप्यांचे माप वेगळ्या खात्यात ठेवते. फाइल हातोहात फिरून आली की इंग्रजी बाराचे आणि मराठी दहाचे असे दिसते ते त्यामुळे.

शाळांच्या प्रोजेक्टात काम हलके असते, हौस जास्त. मलप्रभा नदीचा ओघतक्ता हा खानापूर तालुक्यातला सोपा नमुना : उगम कणकुंबी, मग खानापूर, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाचे धरण, शेवटी कूडलसंगम येथे कृष्णेला मिळणे. चार चौकोन, तीन बाण. यात स्मार्टआर्टचे चकचकीत बाण घालायची गरज नाही, पण मुलांना तेच हवे असतात. ‘सर, बाण तेवढा निळा करा की,’ हे वाक्य दुकानात ऐकू येतेच. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर निळा, हिरवा, तांबडा सगळे एकाच राखाडी रंगाचे होतात. रंगाने अर्थ दाखवायचा असेल तर जोडीला रेघ तुटक किंवा जाड करावी.

दुसरीकडे छापायला न्यायची फाइल पीडीएफ करून न्यावी. तीत जागा आणि अक्षरे हलत नाहीत. मूळ वर्डची फाइल मात्र घरी जपावी लागते, कारण वंशावळीत पुढच्या खेपेला एक ‘मयत’ आणि दोन नवी नावे वाढतात, आणि ती पीडीएफमध्ये सहज घालता येत नाहीत.