बायझंटाईन साम्राज्य

पूर्व रोमन साम्राज्याचे रूढ नाव. सम्राट कॉन्स्टंटाईनने इ. स. ३३० मध्ये बॉस्पोरस सामुद्रधुनीच्या मुखाशी कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) ही राजधानी वसवली आणि १४५३ पर्यंत, म्हणजे अकरा शतकांहून अधिक काळ, हे राज्य टिकले. कारभाराची भाषा ग्रीक झाली, तरी तिथली प्रजा अखेरपर्यंत स्वतःला रोमनच म्हणवत असे.

सम्राट जस्टिनियनच्या कारकिर्दीत (५२७–५६५) उत्तर आफ्रिका व इटली परत जिंकली गेली, रोमन कायद्याची संहिता सिद्ध झाली आणि ५३७ मध्ये हागिया सोफिया हे राजधानीतले भव्य चर्च उभे राहिले. पुढच्याच शतकात अरबांनी सिरिया आणि इजिप्त घेतले. धान्य व महसूल पुरवणारे हे प्रांत गेल्यावरही राज्य तगले, हेच त्याच्या इतिहासातले खरे नवल. राजधानीला जमिनीच्या बाजूने खंदक आणि त्यामागे एकाआड एक अशा दोन तटबंद्या होत्या. समुद्रावर ‘ग्रीक अग्नी’ होता. नळ्यांतून शत्रूच्या गलबतांवर फेकल्या जाणाऱ्या या ज्वालाग्राही द्रवाची कृती इतकी गुप्त राखली गेली, की ती आजही कोणाला ठाऊक नाही. ७१७–१८ चा अरब वेढा या दोहोंच्या बळावर परतवला गेला.

सुमारे साडेचार ग्रॅमचे ‘सॉलिडस’ हे सोन्याचे नाणे अकराव्या शतकापर्यंत जवळजवळ त्याच कसाचे राहिले. ही नाणी दक्षिण भारतातही सापडली आहेत. सहाव्या शतकातला प्रवासी व्यापारी कॉसमस एक ऐकीव हकिकत सांगतो: श्रीलंकेच्या राजाने थोर सम्राट कोणाचा असे विचारले, तेव्हा सोपॅट्रोस या रोमन व्यापाऱ्याने आपले सोन्याचे नाणे इराणी चांदीच्या नाण्याशेजारी ठेवायला सांगितले. याच कॉसमसने भारतातील बंदरांमध्ये ‘कॅलिआना’ची नोंद केली आहे, ते आपले कल्याण, असे सामान्यतः मानले जाते.

१०७१ मध्ये मांझिकर्टला सेल्जुक तुर्कांकडून पराभव झाला आणि आशिया मायनरचा (आजच्या तुर्कस्तानचा आशियाई भाग) बराच मुलूख हातचा गेला. मर्मी घाव मात्र स्वधर्मीयांनीच घातला. १२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धातील पश्चिमी ख्रिस्ती सैन्याने राजधानी लुटली आणि तिथे स्वतःचे राज्य मांडले. १२६१ मध्ये ती परत मिळाली, पण तिजोरी आणि आरमार पूर्वीसारखे कधीच उभे राहिले नाही. २९ मे १४५३ रोजी ऑटोमन सुलतान दुसरा मेहमत याच्या तोफांपुढे तट पडला. शेवटचा सम्राट अकरावा कॉन्स्टंटाईन लढताना मारला गेला. त्याच साम्राज्यातून फुटून निघालेले, काळ्या समुद्राकाठचे ट्रेबिझाँड हे ग्रीक राज्य १४६१ मध्ये बुडाले.