लॅम्बोर्गिनी एलएम००२ची डाय-कास्ट प्रतिकृती

इटलीतील लॅम्बोर्गिनी कंपनीने १९८६ ते १९९३ या काळात जेमतेम ३०० च्या आसपास बनवलेल्या एलएम००२ या एसयूव्हीचे, जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले लहान रूप. खेळणे म्हणून ते मुलांच्या हाती जाते आणि संग्राहकही ते जपून ठेवतात.

मूळ गाडी ४.७९ मीटर लांब आणि २ मीटर रुंद आहे. तिला काउंताश या स्पोर्ट्स कारचे ५,१६७ घन सेंटिमीटरचे बारा सिलिंडरी इंजिन बसवले होते. त्याचे कार्ब्युरेटर मावावेत म्हणून बॉनेटला मोठा उंचवटा द्यावा लागला. इंधनाची टाकी २९० लिटरची होती आणि वाळूतून वेगाने जाता यावे यासाठी पिरेल्लीने स्कॉर्पियन हे टायर खास तयार केले होते. १:६४ प्रमाणात ही गाडी साडेसात सेंटिमीटरची, १:४३ मध्ये ११ सेंटिमीटरची, तर १:१८ मध्ये साडेसव्वीस सेंटिमीटरहून थोडी अधिक भरते.

गोव्यातील डिचोलीच्या पितळी समया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ओतकाम नवीन नाही. मात्र पारंपरिक ओतकामात मातीचा साचा प्रत्येक वस्तूमागे मोडावा लागतो, तर डाय-कास्टिंगमध्ये सुमारे ४०० अंश सेल्सिअसला वितळलेला, जस्त मुख्य असलेला झमाक हा मिश्रधातू पोलादी साच्यात दाबाने भरतात आणि तोच साचा हजारो वेळा वापरतात. नग अडकू नये म्हणून साच्याच्या भिंतींना किंचित उतार द्यावा लागतो. एलएम००२चे सपाट, कोनदार पत्रे या पद्धतीला चांगले मानवतात. खिडक्या, आसने आणि बहुधा तळही प्लास्टिकचा असून तो सांगाड्याला रिवेटने जोडलेला असतो.

प्रतिकृतीचा खरा कस चाकांत लागतो. मूळ टायर ३२५ किंवा ३४५ मिलिमीटर रुंद आणि सुमारे ८५ सेंटिमीटर उंच असल्याने १:६४ मध्ये चाक १३ मिलिमीटरचे व टायर पाच मिलिमीटर रुंद यायला हवा. तेथे साध्या मोटारीचीच चाके बसवली, तर बाकी रेखीव काम वाया जाते आणि वाळवंटासाठी घडलेली ही दणकट गाडी खुजी दिसते.

गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, पोलादी आस गंजतो आणि त्याचा तांबूस डाग चाकांवर उतरतो. पुठ्ठ्याच्या वेष्टनाला बुरशी लागते. म्हणून बंद डब्यात सिलिका जेल ठेवणे आणि ती वेळोवेळी वाळवणे आवश्यक आहे. मऊ टायर प्लास्टिकच्या पृष्ठभागाला बराच काळ टेकून राहिल्यास तेथे चिकट खड्डा पडतो. त्यामुळे गाडी थोडी उचलून, चाके अधांतरी राहतील अशी ठेवतात.