ग्नूलिबच्या पोर्टेबिलिटी डॉक्युमेंटेशनमध्ये काम करायचंय? कागदपत्रांचं आधी बघा

सी भाषेत प्रोग्रामिंग करणाऱ्यांना ग्नूलिब माहीत असेल, एकच प्रोग्राम वेगवेगळ्या सिस्टिमवर चालावा (यालाच पोर्टेबिलिटी म्हणतात) म्हणून ग्नू प्रकल्पाने ठेवलेला तयार कोडचा साठा. तिच्या मॅन्युअलमध्ये पॉझिक्सच्या (युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीचं स्टँडर्ड) एकेका फंक्शनचं छोटं पान आहे, कुठल्या सिस्टिमवर ते काय गोंधळ घालतं त्याची नोंद. आता फोल्डर बनवणाऱ्या मेकडिर (mkdir) फंक्शनचंच बघा, लिनक्सवर दोन आर्ग्युमेंट लागतात आणि विंडोजच्या मिनजीडब्ल्यूवर (विंडोजसाठी सी प्रोग्राम बनवायची साधनं) एकच, तर हे त्या पानावर लिहिलेलं असतं. पानावर दोन याद्या, ग्नूलिब वापरून सुटणारे प्रॉब्लेम आणि न सुटणारे. लिहिणारे बहुतेक व्हॉलंटियर.

पात्रता विचाराल तर डिग्री, अनुभवाचा दाखला वगैरे कोणी मागत नाही. सी वाचता यावं आणि टेक्सइन्फोची (ग्नूची मॅन्युअल ज्यात लिहितात तो फॉरमॅट) फाइल एडिट करता यावी, ते एका संध्याकाळी जमतं.

आता कागद. नुसता बग कळवायचा असेल तर काहीच लागत नाही, साधारण 15 ओळींच्या आतला बदलही तसाच चालतो, फक्त थोड्या थोड्या ओळी करून पाठवत राहिलात तर त्या एकत्र मोजतात, त्यामुळे ती आयडिया डोक्यातून काढा. त्यापुढे कॉपीराइट फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या (ग्नू प्रकल्पामागची संस्था) नावे करून द्यावा लागतो. (ग्लिबसी या ग्नूच्याच दुसऱ्या सी लायब्ररीने 2021 मध्ये ही अट सैल केली, तिथे 'हा बदल द्यायचा मला हक्क आहे' अशा अर्थाची साइन्ड-ऑफ-बाय ची ओळ टाकूनही भागतं, म्हणून लोक दोन्हींची गल्लत करतात.)

कॉपीराइट देण्याचा फॉर्म साधा टेक्स्टचा, भरून ईमेल करायचा. प्रोजेक्टचं नाव, दुसऱ्याचं काही कॉपी केलंय का, नागरिकत्व, जन्मसाल, पोस्टाचा पत्ता, कुठल्या फाइल बदलल्या, एवढंच. आधार, पॅन काही नाही. मग फाउंडेशनवाले करार पाठवतात, त्यावर सही करायची आणि मेलमध्ये सांगितलंय तसा परत पाठवायचा.

खरी गोम फॉर्ममधल्या आणखी एका प्रश्नात आहे, तुमची कंपनी किंवा कॉलेज या कामावर हक्क सांगू शकतं का. मी बिनधास्त 'नाही' लिहिणार होतो, सहज म्हणून ऑफर लेटर उघडलं तर त्यात चक्क छापलेलं की नोकरीत असताना जे काही बनवाल, घरी बसून का असेना, ते कंपनीचं! मग कंपनीकडून 'आमचा हक्क नाही' असं सहीचं पत्र लागतं. एचआर म्हणे लीगलला विचारा, लीगल म्हणे मॅनेजरचा मेल आणा, मॅनेजर सुट्टीवर, सात आठवडे गेले राव. त्यामुळे पॅच (म्हणजे पाठवायचा बदल) लिहायला घ्यायच्या आधीच हे पत्र मागून ठेवा, कागद येईपर्यंत मोठा पॅच नुसता पडून राहतो.

पॅच करताना सव्हानावरून (ग्नूचे प्रोजेक्ट ठेवलेली साइट) गिट क्लोन, म्हणजे कोडची पूर्ण प्रत, घ्या, एका कमिटमध्ये (एका वेळी नोंदवलेल्या बदलात) एकच विषय ठेवा आणि चेंजलॉगची, म्हणजे बदलांच्या यादीतली, नोंद विसरू नका. 'सोलारिसवर (एक युनिक्स सिस्टिम) चालत नाही' एवढ्याने भागत नाही, सोलारिस 11.4 का 10 ते लिहावं लागतं, आणि स्वतः चालवून बघितलेलं असेल तरच लिहा. आपल्याकडे अशी मशीन कुठून असणार? त्यासाठी सीफार्म आहे, दुरून वापरता येणाऱ्या वेगवेगळ्या मशीनचा संच, फ्री सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना तिथे फुकट अकाउंट मिळतं, कुठल्या प्रोजेक्टसाठी हवंय ते सांगायचं आणि एसएसएच की (दुरून लॉगिन करायची डिजिटल किल्ली, तिचा पब्लिक भाग) द्यायची.

आणि हो, फॉर्ममध्ये प्रोजेक्ट म्हणून ग्नूलिब लिहिलंत तर सही ग्नूलिबपुरतीच, उद्या ईमॅक्समध्ये (ग्नूचा टेक्स्ट एडिटर) काही करावंसं वाटलं तर पुन्हा नवीन फॉर्म.